मासे नंतर बघू

बाजारात फिश टँक तयार मिळतो. दोन फुटी, झाकणासकट, झाकणात दिवा, तळाला गुलाबी-निळे खडे आणि वर दुकानदाराकडून प्लास्टिकची खजिन्याची पेटी फुकट, जी बुडबुडे आले की तोंड उघडते. स्कूटरवर पायाशी ठेवून माणूस तासाभरात घरी येतो, पाणी भरतो, मासे सोडतो आणि चहा मागतो. ज्याला मासे पाळायचे असतात तो एवढंच करतो. जो माणूस १२ मिलिमीटर जाडीची काच कापून आणतो, तिला मुद्दाम भोकं पाडतो, तिच्यासाठी लोखंडी स्टँड बनवतो आणि त्या स्टँडच्या पोटात दुसरी टाकी ठेवून खालवर पाईप टाकतो, त्याला मासे पाळायचे नसतात. त्याला पाईप टाकायचे असतात. पण ‘मला हॉलमध्ये पाईप टाकायचेत’ असं बायकोला सांगता येत नाही, म्हणून तो मासे म्हणतो.

आमचे दाजी या जातीचे. ‘कुठले मासे आणणार?’ या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असे, ‘मासे नंतर बघू.’ आणि मग खिशातून घडी घातलेला कागद काढून ते ओव्हरफ्लोची आकृती दाखवत. आकृतीत तीन रंगांचे बाण होते, व्हॉल्व्ह होते, उतार होते. मासा नव्हता.

ताईच्या लग्नापासून दाजींच्या प्रत्येक उपक्रमात मी धरणारा आहे. इन्व्हर्टरच्या वेळी शिडी धरली, सोलर हीटरच्या वेळी पाईप, पंखा बदलताना पंखाच. करणारा माणूस ‘जरा धर रे’ म्हणून सुरुवात करतो आणि त्याचं पुढचं वाक्य ‘सोडू नकोस’ हे असतं. मधल्या वेळात त्याला पाना सापडत नसतो.

ही परंपरा जुनी आहे. १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि घरात काचेच्या भांड्यात जगवले. यजमान वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतले मोठे धर्माधिकारी, त्यामुळे घर तिथेच. पाण्यात हवा मिसळली पाहिजे हे बाईंच्या लक्षात आलं होतं, पण पंप नव्हता. मग मोलकरणीने रोज उघड्या खिडकीशी उभं राहून अर्धा-पाऊण तास ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं, अशी व्यवस्था झाली. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांनी पुस्तक लिहून ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर पोचवला आणि इंग्लंडातल्या दिवाणखान्यांत टाक्यांची साथ आली. बाईंचं नाव इतिहासात आहे, गॉस यांचं आहे. मोलकरीण नुसतीच मोलकरीण राहिली. ती आमच्यातली.

तर दाजींच्या टाकीचं माप ठरलं ४ बाय २ बाय २ फूट. हे ताईला सांगताना दाजींनी ‘चार’ खोकल्यात घेतला असावा, कारण काच घरात येईपर्यंत तिच्या डोक्यात दोन बाय दोनचीच टाकी होती. १६ घनफूट म्हणजे ४५३ लिटर. पाण्याचं एक बरं असतं, लिटर मोजले की किलो वेगळे मोजावे लागत नाहीत. काच ९० किलोच्या आसपास, वर दगड, वाळू, स्टँड, खालची टाकी आणि तिच्यातलं पाणी. कशीही बेरीज केली तरी आकडा ७०० च्या खाली येईना. ही बेरीज वॉचमनमार्फत सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत गेली.

सेक्रेटरी निवृत्त आहेत आणि मानकं वाचतात. राहत्या घराच्या स्लॅबवर आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरतात, हे त्यांनी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं. टाकीचा तळ पाऊण चौरस मीटरचा. त्यांनी मोबाईलवर भागाकार केला, तो दाजींना दाखवला आणि म्हणाले, ‘खालच्या मजल्यावर मी राहतो.’

दाजींचं म्हणणं, तो भार अख्ख्या खोलीभर सारखा पसरलाय असं समजून धरलेला असतो. लग्नघरात एका खोलीत चाळीस माणसं जेवतात तेव्हा कोणी भागाकार करत नाही. शेवटी सी विंगमधल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी चहा घेतला, इमारतीचा नकाशा मागितला, छताकडे आणि जमिनीकडे आळीपाळीने पाहिलं आणि निकाल दिला, ‘मधोमध नको. भिंतीला चिकटून, तुळईच्या डोक्यावर ठेवा.’ सेक्रेटरींनी तो लेखी मागून घेतला.

तुळई निघाली नैऋत्येला. सेक्रेटरींचा दुसरा अभ्यास वास्तुशास्त्राचा. पाणी ईशान्येलाच हवं. ईशान्येला गॅलरी आणि गॅलरीत कपडे वाळतात. स्लॅब की वास्तू, असा पेच पडला तेव्हा ताईच्या सासूबाईंनी तोडगा काढला: ईशान्येला पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचा आणि उरलेलं साडेचारशे लिटर नैऋत्येला. ‘दिशा सांगितलीय, किती लिटर ते कुठे सांगितलंय?’ असं त्या म्हणाल्या. यावर सेक्रेटरींकडे मानक नव्हतं.

स्टँडसाठी दाजींनी ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी पाईप सांगितला. फॅब्रिकेशनवाल्याने आकृती उलटसुलट करून पाहिली. ‘यावर काय ठेवणार साहेब?’

‘मासे.’

‘किती किलोचे?’

दाजींनी त्याला समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या विचाराने मध्ये दोन आडवे पाईप जास्तीचे टाकले. लोखंडाच्या धंद्यातला माणूस गिऱ्हाइकाच्या गणितावर विश्वास ठेवत नाही, आणि ते बरंच असतं. रेड ऑक्साईड मारलेला तो स्टँड लिफ्टमध्ये मावला नाही. जिना होता आणि मी होतो.

स्टँड जागेवर ठेवून त्यावर पाणसळ ठेवली तेव्हा कळलं की बिल्डरने हॉलला उतार दिला आहे. ४ फुटांत ८ मिलिमीटर, गॅलरीच्या दिशेने. चौदा वर्षं त्या घरात राहून हे कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं, फक्त भाची म्हणाली, ‘म्हणून बॉल दर वेळी सोफ्याखाली जातो.’ आता सोफा, टीव्ही, देव्हारा सगळे तिरके आहेत हे समजल्यापासून सासूबाईंना तिरकं बसल्यासारखं वाटू लागलं. टाकीला मात्र तिरकं चालत नाही. पाणी आपली पातळी सोडत नाही, त्यामुळे एका बाजूला काचेवर ते जास्त उंच दिसतं आणि जोर जोडांवर येतो. दाजींनी स्टँडच्या पायांना नटबोल्ट लावून घेतले आणि अख्ख्या घरात लेव्हलमध्ये असलेली एकमेव वस्तू तयार झाली. तिच्यावर १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, त्यावर थर्माकोलचा तक्ता. थर्माकोल कशाला, तर काचेखाली वाळूचा एक कण जरी राहिला तरी सगळं वजन त्या कणावर तोलून काच तडकू शकते. थर्माकोल तो कण पोटात घेतो. एवढ्या वजनाच्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाची वस्तू टीव्हीच्या खोक्यातून निघालेली, हे मला आवडलं.

आता भोकं. टफन केलेल्या काचेला भोक पाडता येत नाही, टेकवलं की ती खडीसाखरेसारखी विखरून पडते. म्हणून साधी काच. तळाच्या काचेला, मागच्या कोपऱ्याजवळ, पावणेदोन इंची भोकं पाडायची होती. त्याला हिऱ्याची कणी बसवलेला गोल बिट लागतो आणि तो सतत पाण्यात राहावा लागतो, नाहीतर काच तापून चिरते. आडव्या काचेवर पाणी थांबणार कसं? दाजी स्वयंपाकघरात गेले आणि भिजवलेल्या कणकेचा गोळा घेऊन आले. तो लांब वळून त्यांनी काचेवर झाडाला करतात तसं आळं केलं आणि मला म्हणाले, ‘तू लोटीने पाणी घालत राहा.’

हे दृश्य मला सविस्तर सांगायला हवं, कारण त्या वेळी मी श्वास घेत नव्हतो आणि त्यामुळे सगळं नीट दिसलं. दाजींनी बिट आधी तिरका धरून काचेवर चंद्रकोरीएवढी खाच पाडली, मग हळूहळू उभा केला. जोर द्यायचा नाही, ड्रिलच्या वजनानेच उतरू द्यायचं. आळ्यातलं पाणी पांढरं झालं, ताकाच्याही पुढे जाऊन कालवलेल्या चुन्यापर्यंत गेलं, आणि बिट कुठे आहे ते दिसेना. मग फक्त आवाज. सुरुवातीला किरकिर, मग घोगरा, आणि अगदी शेवटी, काच पातळ उरली की, तो आवाज एकदम पोकळ होतो. त्या क्षणी दाजींनी हात जवळजवळ उचललाच. खालून चिकटवलेल्या टेपवर काचेची गोल चकती टप्पकन बसली आणि सगळं पांढरं पाणी खालच्या परातीत गेलं. पुढची भोकंही अशीच. ताई दारात उभी होती. ती म्हणाली, ‘पोळ्या करायच्या होत्या मला.’ त्या रात्री भात झाला. चकत्या भाचीने घेतल्या.

जोडणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. काचा सिलिकॉनने जोडतात. बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन चालत नाही, साधं लागतं, आणि ते वाळताना व्हिनेगरचा वास सोडतं. तीन दिवस शेजारचे विचारत होते, ‘आज चायनीज का?’ आठवडाभर टाकीला हात लावायचा नव्हता. त्या आठवड्यात दाजी बोहरी आळीत गेले. मीही गेलो, पिशव्या धरायला.

रविवार पेठेतली बोहरी आळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णनाची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना आत शिरायला जागा नाही. काउंटरवर उभं राहून एल्बो, टी, युनियन, रिड्यूसर, टँक निपल, बॉल व्हॉल्व्ह असं म्हणत गेलं की आतला मुलगा एकेक वस्तू काउंटरवर टाकत जातो आणि मध्येच थांबून विचारतो, ‘एमटीए की एफटीए?’ म्हणजे आटे बाहेरून की आतून. याचं उत्तर ताबडतोब देता आलं नाही तर मागची रांग तुमच्याकडे बघते. दाजींना येत होतं. तरी एक घोळ झालाच. शेतीच्या पीव्हीसी पाईपची मापं मिलिमीटरमध्ये असतात, घरातल्या जाड यूपीव्हीसीची इंचात. एक इंची पाईपचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर, दुसऱ्या दुकानात त्याला ‘एक इंचीच आहे साहेब’ म्हणून जे फिटिंग मिळालं ते ३२ चं. १.४ मिलिमीटर. पाईप आत जात नाही, पण जाईल असं शेवटपर्यंत वाटत राहतं.

एल्बोवर दाजी अडून बसले. काटकोनातला एल्बो त्यांना नको होता. जिथे ९० अंशांचं वळण आहे तिथे ४५ चे दोन हवेत, पाणी अडखळता कामा नये. रांगेतल्या एका प्लंबरला हे ऐकून कुतूहल वाटलं. ‘कुठल्या कंपनीचं काम आहे?’

‘घरचंच. पाणी वरच्या टाकीतून खाली आणायचं.’

‘मग?’

‘मग पंपाने परत वर.’

‘आणि वर काय करायचं त्याचं?’

‘परत खाली सोडायचं.’

प्लंबरने दाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पिशव्या पाहिल्या आणि आपला नंबर सोडून आम्हाला पुढे जाऊ दिलं.

त्याचं चुकत होतं असं नाही. ओव्हरफ्लो म्हणजे खरोखर एवढंच. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा, त्याच्या वरच्या कडेला फणी. पाणी फणीच्या दातांमधून कप्प्यात सांडतं, पाईपने खालच्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते परत वर पाठवतो. फायदा असा की वरच्या टाकीत पाण्याची पातळी कायम एकाच रेघेवर राहते, पृष्ठभागावरचा तवंग आपोआप निघून जातो आणि फिल्टर, हीटर वगैरे कुरूप सामान खाली लपतं. तोटा आवाजाचा. पहिल्या दिवशी दाजींनी प्रयोग म्हणून एकच उघडा पाईप चालू ठेवला. पाण्याबरोबर हवा आत ओढली जाते आणि दोघांचं पटत नाही. रात्री दीडच्या सुमारास सासूबाई उठल्या, दोन्ही बाथरूममध्ये जाऊन फ्लश बघून आल्या, परत झोपल्या, परत उठल्या. सकाळी त्यांनी दाजींना फक्त ‘बंद करा ते’ एवढंच म्हटलं.

या आवाजावर जगभरातल्या हौशी लोकांनी डोकं चालवलेलं आहे, आणि त्यांच्या तोडग्यांना डर्सो, हर्बी, बीनअ‍ॅनिमल अशी नावं पडली आहेत. दाजींनी अर्थातच त्यातला सर्वांत जास्त पाईपचा निवडला. बीनअ‍ॅनिमल पद्धतीत तीन पाईप. पहिल्याला व्हॉल्व्ह, तो असा जुळवायचा की पाईप तोंडोतोंड पाण्याने भरून वाहील, हवेला आत जागाच नाही. हवा नाही तर आवाज नाही. दुसरा उघडा, व्हॉल्व्ह नाही. पहिल्यातून उरलेली बारीक धार तो गुपचूप खाली नेतो. तिसरा कोरडा. पहिले दोन तुंबले तरच त्यात पाणी जाणार, म्हणजे सगळं ठीक चाललं तर तो जन्मभर कोरडाच राहणार. दाजींचं या तिसऱ्यावर विशेष प्रेम आहे. सोसायटीच्या गच्चीवरच्या साठ हजार लिटरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाईप एकच आहे, तो रोज सकाळी सात वाजता पार्किंगमधल्या गाड्या धुतो, आणि त्याकडे बोट दाखवून दाजी म्हणतात, ‘प्लॅनिंग नाही.’

व्हॉल्व्ह जुळवायला एक रविवार गेला. पाव आटा इकडे, थांबा, ऐका, केसभर तिकडे. दुपारी चारच्या सुमारास तो आवाज अचानक गेला. पंप चालू, पाणी फिरतंय आणि हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज. दाजींनी सगळ्यांना बोलावलं. सगळे येऊन उभे राहिले. ‘काय बघायचं?’ ताईने विचारलं. ‘ऐका,’ दाजी म्हणाले. ‘काही ऐकू येत नाही.’ ‘तेच.’

मग वीज. पुण्यात राहणाऱ्याने गुरुवार लक्षात ठेवूनच काहीही बांधावं. पाण्याची आणि विजेची दुरुस्तीची कामं त्याच दिवशी निघतात. वीज गेली की पंप थांबतो, आणि पंपाकडून वर जाणारा पाईप उलटा वाहायला लागतो, कारण त्याचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली असतं आणि पाण्याला खाली जायला निमित्तच हवं असतं. तोंड उघडं पडेपर्यंत हे थांबत नाही. दाजींना हे माहीत होतं, आकृतीत तो बाणही होता, लाल. खालच्या टाकीत त्यांनी दोन बादल्यांची जागा मोकळी ठेवली होती. मी मेन स्विचपाशी उभा राहिलो, दाजींनी ‘हं’ म्हटलं, मी स्विच पाडला.

तोंड पाण्याखाली तीन इंच होतं. आठवीतल्या भाचीने नंतर वहीवर गणित करून दाखवलं: ४ बाय २ फुटांच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ १९ लिटर. तीन इंच म्हणजे ५७, तीन बादल्या. मोकळी जागा दोन बादल्यांची. तिसरी बादली बिल्डरने दिलेल्या उतारावरून शिस्तीत गॅलरीकडे निघाली, सोफ्याखाली बॉलला भेटली आणि गॅलरीच्या नळीतून खाली सेक्रेटरींच्या कुंड्यांत पडली. सेक्रेटरींनी वर पाहून हाक मारली, ‘पाणी आलं का?’ गुरुवार होता, त्यांना वाटलं वेळेआधी सुटलं.

उपाय एका छिद्राचा. वर जाणाऱ्या पाईपला पाण्याच्या रेघेच्या जेमतेम खाली ५ मिलिमीटरचं भोक पाडायचं. पाणी तेवढं उतरलं की भोकातून हवा आत शिरते आणि उलटं वाहणं तिथल्या तिथे तुटतं. दाजींनी भोक पाडलं, मी पुन्हा स्विच पाडला, आणि यावेळी पाणी इंचभर उतरून थांबलं. दाजींनी हा प्रयोग त्या दिवशी आल्यागेल्या सगळ्यांना दाखवला. गॅसवाल्यालाही.

आता वाद उरला दारांचा. स्टँडच्या खालच्या कपाटाला दारं कशी हवीत? ताईला टीव्ही युनिटशी जुळणारं सनमायका हवं होतं, बंद. दाजींना काचेची दारं हवी होती, आत दिवा लावून. ‘पाहुण्यांना तुमचे पाईप बघायचे नसतात हो,’ ताई म्हणाली. दाजींनी युनियन कसे सरळ रेघेत आलेत, एकही पाईप दुसऱ्याला कसा आडवा जात नाही, येणारा निळ्या पट्टीचा आणि जाणारा हिरव्या पट्टीचा कसा आहे, हे सगळं सांगितलं. सनमायका लागलं. मी दार धरलं, सुताराने बिजागऱ्या मारल्या आणि ते सगळं काम अंधारात गेलं. दाजी दोन दिवस गप्प होते. येता-जाता दार उघडून आत बघायचे आणि पुन्हा लावायचे.

एवढं झाल्यावर पाणी फिरत होतं, दिवे लागत होते, दगड होते, वनस्पती होत्या, आणि मासे नव्हते. ताईने आठवण केली. दाजी म्हणाले, आत्ता नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. ही सगळी मंडळी फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत थेंब थेंब अमोनिया घालून त्यांना खायला द्यायचं आणि नळीत पाण्याचा रंग तपासायचा. त्या काळात घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने आधी टाकीसमोर वाकून पाहिलं, मग दगडांच्या मागे पाहिलं, मग विचारलं, ‘दिसत नाहीत.’

‘जीवाणू आहेत,’ दाजी सांगत.

‘फ्रीजमध्येही आहेत,’ ताई सांगे.

मासे आले ते मिस केरळ. चांदीसारखं अंग, त्यावर नाकापासून निघालेली लाल रेघ आणि खाली काळा पट्टा. हे केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांतले. शास्त्रीय नाव सह्याद्रिया डेनिसोनी. २०१३ साली या माशांना स्वतंत्र प्रजाती (जीनस) दिली तेव्हा तिला सह्याद्रीचं नाव दिलं, हे कळल्यावर सासूबाईंनी त्यांना एकदम आपल्यात घेतलं. परदेशी शौकिनांसाठी नद्यांतून इतके पकडले गेले की ते धोक्यात आले आहेत, म्हणून दाजींनी मुद्दाम हॅचरीत वाढवलेलेच शोधले. त्यांना वाहतं पाणी आवडतं, ते टोळीने राहतात आणि फार चांगली उडी मारतात. शेवटचं वाक्य दुकानदाराने पैसे घेतल्यावर सांगितलं.

सहा आणले होते. दुसऱ्या आठवड्यात पाच मोजले जाऊ लागले. जमिनीवर पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं, बॉल सापडला. दगड हलवून झाले. सासूबाईंनी टाकीला मनोमन हात जोडले. मग संध्याकाळी दाजींनी नेहमीसारखं खालचं दार उघडलं आणि ‘अरे!’ म्हणाले.

सहावी तिथे होती. खालच्या टाकीच्या पहिल्या कप्प्यात, वरून वाहून येणाऱ्या खाण्यावर चांगली पोसलेली, फिरत होती. फणीवरून कप्प्यात उडी मारली असणार आणि तिथून पाईपने खाली. दाजींनी तिला जाळीत घेऊन दिव्याखाली सगळीकडून पाहिलं. एक खवला हललेला नव्हता. ‘दुसऱ्या पाईपने आली,’ ते म्हणाले, ‘पहिल्याला व्हॉल्व्ह आहे, तिथे अडकली असती.’ मग माझ्याकडे वळून, फार हळू आवाजात, ‘काटकोनी एल्बो असता तर?’

तिला वर सोडली. दोन दिवसांनी ती परत खाली. पुन्हा वर सोडली, पुन्हा खाली. ताई म्हणाली, फणीवर जाळी लावा. दाजी म्हणाले, लावतो, माप घ्यायला हवं. ते माप अजून घेतलेलं नाही. कारण आता भाचीने पाहुण्यांना आधी खालचीच दाखवायची पद्धत पाडली आहे. आलेला माणूस वरच्या पाचांकडे जेमतेम बघतो, गुडघ्यावर बसतो, भाची दार उघडते, दाजी टॉर्च मारतात, आणि ‘ही इथे आली कशी?’ असं कोणीतरी विचारतंच. मग दाजी पहिल्या पाईपपासून सुरुवात करतात. टॉर्च मी धरतो.